मूळ म्हणजे कोणत्या दिवशीचं?

१७ जून २०२४ ची पहाट. केंदूरच्या घरी गच्चीवर बसून मी फोनवर गोल्फ बघत होतो. मी आयुष्यात कधी गोल्फची काठी हातात धरलेली नाही. पण आमचा क्लायंट अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातला, तिथेच यूएस ओपन चालू होती, आणि सोमवारच्या कॉलवर दोन वाक्यं बोलता यावीत एवढाच हेतू होता. अठराव्या होलवर ब्रायसन डिशाम्बोनं दूरच्या वाळूच्या खड्ड्यातून चेंडू थेट झेंड्याजवळ टाकला आणि स्पर्धा जिंकली. तेवढ्यात आप्पा दात घासत वर आले, स्क्रीनमध्ये डोकावले आणि म्हणाले, "कुठलं रे हे माळरान? आपल्या पाझर तलावापलीकडचं वाटतंय."

चूक नव्हती त्यांची. उघडी वाळू, गवताचे राठ झुबके, मधेच एक हिरवा पट्टा. या मैदानाचं नाव पाइनहर्स्ट नंबर दोन. ते असं दिसावं म्हणून मुद्दाम खर्च केलेला आहे. त्या खर्चातून जे झालं, त्याबद्दल मला बोलायचंय. कारण एखादी जुनी कलाकृती 'मूळ रूपात' आणणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला इथे जितका स्वच्छ दिसला, तितका पुस्तकांत दिसला नव्हता.

आधी गोष्ट. डोनाल्ड रॉस हा स्कॉटलंडहून अमेरिकेत आलेला माणूस. त्यानं हे मैदान १९०७ मध्ये आखलं आणि १९४८ मध्ये वारला तोपर्यंत त्यात बदल करत राहिला. त्याचं घरही मैदानाला लागूनच होतं. त्याच्यानंतर मैदान हळूहळू हिरवंगार होत गेलं. वाळूवर हिरवळ आली, कडेला दाट गवत वाढवलं गेलं, खेळायचा पट्टा अरुंद झाला. जिथे खेळाडूला 'चेंडू कुठून न्यावा' असा विचार करावा लागायचा, तिथे आता एकच उत्तर उरलं: सरळ मार.

२०१० मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या जोडीला काम मिळालं. त्यांनी १९४३ सालचे हवाई फोटो समोर ठेवले. जमिनीतली पाण्याची जुनी पाइपलाइन शोधली, कारण ती जिथून जाते तोच रॉसच्या पट्ट्याचा मध्य. मग सुमारे ३५ एकर हिरवळ खरवडून काढली. पाण्याचे फवारे साधारण ११५० होते, ते ४५० वर आणले. २०१४ ची यूएस ओपन इथे झाली तेव्हा टीव्हीवर मैदान करपलेलं दिसतं म्हणून बरीच कुरकुर झाली.

इथपर्यंत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूनं आहे. संपादन म्हणजे बहुतेक वेळा काढून टाकणं, आणि एवढं काढायला धाडस लागतं. दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावातला माणूस सातशे फवारे बंद झाल्यावर टाळी वाजवणारच.

माझी तक्रार 'रिस्टोरेशन' या शब्दाबद्दल आहे. कोड बिघडला की आम्ही जुन्या आवृत्तीवर परत जातो. पण 'मागे ने' एवढं सांगून गिट ऐकत नाही. नेमकी कुठली कमिट, ते सांगावं लागतं. पाइनहर्स्टची कुठली? १९०७ ची म्हणाल, तर तेव्हा तिथली 'ग्रीन' म्हणजे होलभोवतालची जागा चक्क वाळूची होती. तिच्यावर गवत आलं ते १९३० च्या दशकात, रॉसच्याच हातून. म्हणजे १९४३ चा फोटो हे त्याच्या घडत्या कामाचं फक्त एक पान आहे.

आणि या मैदानाची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट कुठली? कासवाच्या पाठीसारखी फुगीर ग्रीन, ज्यावरून चेंडू घरंगळून खाली येतो. अनेक जाणकारांच्या मते तो फुगवटा बऱ्याच अंशी रॉसचा नाहीच. वर्षानुवर्षं वर वाळू पसरत गेल्यानं तो वाढला. कूर-क्रेनशॉंनी एखाद-दुसरा अपवाद वगळता त्याला हात लावला नाही. उलट आजचे खेळाडू लांब मारतात म्हणून सुरुवातीच्या जागा आणखी मागे सरकवल्या. यात लपवाछपवी नाही, गोल्फच्या जगात ही चर्चा उघड होते. पण आपण जेव्हा 'मूळ रूपात आणलं' म्हणून माना डोलावतो, तेव्हा या सगळ्या निवडी त्या एका शब्दाखाली झाकल्या जातात. जिथे प्रसिद्धी आड आली नाही तिथे खरवडलं, आणि जिथे आली तिथे काळानं घातलेली भर तशीच ठेवली.

आपल्याकडे याचा फार जुना दाखला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रत शुद्ध केली. शेवटी साल नोंदवलं, आपलं नाव घातलं आणि पुढच्यांना बजावलं की यात आपली ओवी घुसडू नका. त्यांच्या हाती ज्ञानेश्वरांचं हस्ताक्षर नव्हतं, होत्या त्या नकलाच. पण ही शुद्धी कुणी आणि कधी केली, ते वाचकाला कळतं. म्हणून तर १९०९ मध्ये राजवाडे एकनाथपूर्व मानलेली पोथी छापून वेगळा दावा मांडू शकले. सहीची प्रत तपासता येते. 'मूळ' म्हणून पुढे केलेल्या प्रतीपुढे फक्त हात जोडता येतात.

हा सगळा विचार करण्यामागे एक घरगुती कारण आहे. नोकरी लागल्यावर मी गावच्या घरापुढे हौसेनं लॉन लावलं होतं. दोन उन्हाळे बोअरचं पाणी घातलं. आप्पा काही बोलले नाहीत, फक्त पाइप बंद करायला स्वतः उठायचे. त्या पहाटेनंतर महिन्याभरात मी ते काढलं आणि जाहीर केलं, "अंगण होतं तसं करू."

"कधी होतं तसं?" आजीनं विचारलं. तिच्या आठवणीत तिथे बाजरीचं खळं होतं, बहात्तरच्या दुष्काळाआधीचं. आप्पांच्या आठवणीत मुरूम आणि लिंबाचं झाड. माझ्या आठवणीत शहाबादी फरशी, जिच्यावर मी क्रिकेट खेळलो.

बाजरी आता मळणीयंत्रावर होते, त्यामुळे खळं नुसतं शोभेचं झालं असतं. शेवटी मुरूम टाकला, लिंब लावला, आणि गाडीपुरते सिमेंटचे ठोकळे तसेच ठेवले. पाहुणे विचारतात तेव्हा मी 'मूळ अंगण' म्हणत नाही. आप्पांच्या लहानपणचं, गाडीसाठी बदललेलं, असं सांगतो. आजीला ते अजूनही मान्य नाही.