बातमीची उलटतपासणी

२००३ च्या इराक युद्धावर आपल्याकडे पुष्कळ वाद रंगले. त्यांत बुश आणि सद्दाम यांची उलटतपासणी झाली. बातमीची झाली नाही. लष्करी तुकडीबरोबर फिरणाऱ्या वार्ताहराला रणगाड्यावरून बगदाद दिसते. बगदादच्या खिडकीतून रणगाडा कसा दिसतो, हे त्याला उमगत नाही. संहारक अस्त्रे सापडलीच नाहीत. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २६ मे २००४ रोजी आपल्या वार्तांकनातील उणिवा मान्य केल्या, तेव्हा बगदाद पडून वर्ष उलटले होते.

गोमंतकीयांना हे नवे नाही. १९६१ साली गोव्याच्या मुक्तीला अमेरिकेने सुरक्षा समितीत बळाचा वापर म्हणून दूषण दिले. इराकवरील स्वतःच्या मोहिमेला मात्र 'इराकी स्वातंत्र्य' हे नाव दिले. युद्धवार्ता वाचताना सांगणारा कोठे उभा आहे, हे आधी पाहावे, असे आम्हांस वाटते.