वाडा आणि वसाहत

मराठी ललित वाङ्मयात जुन्या श्रीमंतीच्या वाट्याला वाडा आला आणि नव्या श्रीमंतीच्या वाट्याला नुसता बंगला आला, असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत आले आहे. वाड्याला देवघर असते, माजघर असते, स्मृती असते. बंगल्याला रंग आणि किंमत यांपलीकडे काही नसते. ही वाटणी न्याय्य आहे काय, हा प्रश्न बिदर व कलबुर्गी या सीमाभागातून पाहिला असता अधिक स्पष्ट होतो.

हैदराबाद संस्थानाचा सुमारे तीन-दशांश मुलूख जहागिरींखाली होता. येथील देशमुख-देशपांड्यांच्या अनेक घरांत माजघरात मराठी, शेतात कानडी आणि दरबारी कागदांत उर्दू चाले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५० मध्ये कुळकायदा आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर व निलंगा मुंबई राज्यात, भालकी व हुमनाबाद म्हैसुरात, जहीराबाद व नारायणखेड आंध्रात गेले. घर एका राज्यात आणि सोयरीक दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती झाली. १९७४ च्या कर्नाटकातील जमीन-सुधारणेने उरलेसुरले कूळही मालक होऊ लागले. इकडे तुरीच्या डाळमिला, अडत, कंत्राटे आणि शिक्षणसंस्था यांतून नवा पैसा उभा राहिला. बिदरच्या तटाबाहेर आणि कलबुर्गीच्या जुन्या पेठांपलीकडे त्याने आपल्या वसाहती वसविल्या. वाड्याच्या लेखी वसाहत उथळ. वसाहतीच्या लेखी वाडा म्हणजे पडकी भिंत.

या दोहोंतील तंटा मराठी लेखकाने कसा रंगविला आहे? महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) विदर्भातील असले, तरी त्यातील देशपांड्यांचे घर भालकीच्या वाचकास परके वाटणार नाही. दारात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरकडे ऱ्हासाचे प्रतीक म्हणून पाहिले जाते. आम्हांस तो याहून अधिक बोलका वाटतो. जुन्या श्रीमंतीने नवी होण्याचा केलेला तो फसलेला यत्न आहे. सख्ख्या भावाला, चंदूला, गड्यासारखे राबविणारा हा वाडा नाटककाराने निर्दोष मानलेला नाही, हे त्याचे मोठेपण. तथापि भिंतीपलीकडच्या नव्या पैशाचे मन येथे आपणांस दिसत नाही.

ते मन दिसते श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' (१९५२) या कादंबरीत. ज्याला गावाने ओवाळून टाकले, तो बापू सुपारीच्या व्यापारातून उभा राहतो आणि गावाला त्याची दखल घ्यावी लागते. पेंडशांनी त्याला धनिक करण्यापूर्वी माणूस केले. त्याचा संताप, राधेवरील त्याचे प्रेम, त्याची बेदरकारी आपण आधी पाहिलेली असते. म्हणून पुढे आलेला पैसा ओंगळ वाटत नाही. तो मिळविलेला वाटतो.

येथे आमचे म्हणणे स्पष्ट करावयास हवे. जुनी श्रीमंती नव्या श्रीमंतीहून स्वभावतः सुसंस्कृत असते, हे आम्हांस मान्य नाही. जिचा उगम लोक विसरले, ती जुनी. जिचा उगम अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे, ती नवी. जहागिरीची सनद हीदेखील एके काळी कोणाच्या तरी मर्जीने मिळालेली कमाईच होती, आणि तिचा सारा कुळाच्या घामातून येत होता. वाड्याची भव्यता वर्णिताना जो लेखक हे विसरतो, तो शोकगीत लिहितो, कादंबरी नव्हे. उलट, कंत्राटदाराला केवळ हास्यास्पद करणारा लेखकही त्याच विस्मृतीची दुसरी बाजू दाखवितो.

सीमाभागातील मराठी लेखकास या बाबतीत एक लाभ आहे. त्याच्या आजोबांच्या पिढीने सनदही पाहिली आणि डाळमिलही पाहिली. कुळाचा नातू वसाहतीत घर बांधतो आणि जहागीरदाराचा नातू तेथेच भाड्याने राहतो, ही घटना त्याने व्यंग म्हणून वापरू नये. दोघांच्याही घरात शिरावे. नव्या घरातील मुले घरी मराठी, शाळेत कानडी आणि व्यवहारात तिसरीच भाषा बोलतात; म्हणजे वाड्यातील त्रैभाषिक संसार मोडला नाही, त्याने केवळ जागा बदलली. हे सातत्य ज्याला दिसेल, त्याला वाडा व वसाहत ही परस्परांची शत्रू न वाटता एकाच कथेची दोन प्रकरणे वाटतील. ती कथा लिहिण्यास करुणा पुरेशी नाही. हिशेबाची वहीही उघडावी लागेल.