'टेन्शन' आणि 'हायपरटेन्शन' : एका अर्थभ्रमाची चिकित्सा

रक्तदाबाच्या विकारावरील मराठी लेखनात एक विधान इतक्या वेळा येते की, त्याची तपासणी करण्याचे कारण कोणास भासत नाही. ते विधान असे : मनावर ताण आला की मेंदू रक्तवाहिन्यांना संदेश पाठवितो, त्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. वाक्य सुबोध आहे आणि त्यातील एकही पायरी सर्वस्वी खोटी नाही. तरीही वाचकाच्या मनात ते जो अर्थ उभा करते, तो शास्त्राने सिद्ध केलेला अर्थ नव्हे; आणि ही तफावत मुख्यतः भाषेतून आलेली आहे.

'हायपरटेन्शन' या शब्दातील 'टेन्शन' मनाचे नसून धमनीच्या भिंतीचे आहे. फ्रेंच भाषेत रक्तदाबाला आजही 'धमनीतील ताण' अशा अर्थाचाच शब्द रूढ आहे. लॅटिन 'तेन्दो' आणि संस्कृत 'तन्' हे धातू एकाच मुळाचे असल्यामुळे मराठीतील 'ताण'ही प्रथम दोरीचा, मग मनाचा. 'टेन्शन' हा इंग्रजी शब्द मात्र मराठी बोलण्यात आला तो दोरी मागे टाकून, केवळ काळजी घेऊन. साहजिकच 'हायपरटेन्शन' म्हणजे 'फार टेन्शन' अशी समजूत होते. 'उच्च रक्तदाब' हा मराठी पर्याय या बाबतीत मूळ शब्दाहून निर्दोष होय. दुर्दैव इतकेच की, बोलण्यात तो हरला. तेथे 'त्यांना बीपी आहे' असे म्हणतात, जणू इतरांच्या धमन्यांत दाब नसतोच!

क्रियापदे पाहिली म्हणजे गोष्ट अधिक स्पष्ट होते. रक्तदाब वाढतो किंवा उतरतो. टेन्शन मात्र येते, दिले जाते आणि विशेष म्हणजे 'घेतले' जाते. छत्रपती संभाजीनगरात मराठी आणि दखनी शेजारी शेजारी नांदतात, आणि 'टेन्शन घेऊ नका', 'टेन्शन मत लो' हे दोहींचे समाईक धन आहे. 'घेणे' हे कर्त्याच्या इच्छेचे क्रियापद. ज्याने टेन्शन घेतले त्याने रोग ओढवून घेतला, आणि ज्याने ते सोडले त्याला गोळीची गरज उरली नाही, हा निष्कर्ष मग व्याकरणच काढून देते. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता वर्षानुवर्षे राहतो. मन शांत आहे म्हणून औषध थांबविणाऱ्यास या निष्कर्षाची किंमत पक्षाघाताने वा मूत्रपिंडाच्या ऱ्हासाने मोजावी लागू शकते.

या गैरसमजाला बळ देणारा एक इतिहास मात्र खरोखरच आहे, आणि तो आपल्याकडचाच आहे. बिहारकडे 'पागल की दवा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्पगंधेचे उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्ही विकारांवरील गुण कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली मांडले. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले. (निबंधाच्या शीर्षकात रक्तदाबाला लावलेले 'इसेन्शियल' हे विशेषण 'ज्याचे कारण सापडत नाही असा' या अर्थाचे आहे; 'आवश्यक' असे भाषांतर करणे हास्यास्पद ठरेल.) १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. १९५७ साली वकील यांना लास्कर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ते मनोरुग्णांवर रिसर्पिन वापरणाऱ्या नेथन क्लाइन यांनाही मिळाले.

एकच मुळी मन शांत करते आणि रक्तदाबही उतरविते; तेव्हा मन शांत झाल्यामुळेच रक्तदाब उतरला, हा तर्क मोहक आहे. तो टिकत नाही. रिसर्पिन चेतातंतूंच्या टोकांशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत नॉरअॅड्रिनॅलिन, सिरोटोनिन यांसारख्या रसायनांची साठवण होऊ देत नाही, आणि हे काम ते मेंदूत करते तसेच रक्तवाहिन्यांच्या भिंतींपाशीही करते. पुढे आलेले ग्वानेथिडिन हे औषध मेंदूत जवळजवळ शिरत नाही, मनाला शांतवीत नाही, तरीही रक्तदाब उतरविते. उलट बाजूने क्लोनिडिन मुख्यतः मस्तिष्कस्तंभावर काम करून तेच साधते. म्हणजे मेंदूचा संबंध आहे. पण तो काळजी करणाऱ्या मनाचा संबंध नव्हे. मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागातील काही पेशी रक्तवाहिन्यांचा ताण अहोरात्र राखतात, माणूस गाढ झोपेत असतानाही. ग्लुटामेट त्यांना उत्तेजित करते, 'गाबा' त्यांना आवरते.

येथेच 'संदेश' हा शब्द अपुरा पडतो. मराठीत संदेशाला धाडणारा असतो, हेतू असतो, आशय असतो. एका रसायनाने दुसऱ्याला आवरून धरणे या शब्दात मावत नाही. आणि रक्तदाब वाढण्याचे एक कारण हे आवरणे ढिले पडण्यात असू शकते. 'स्रवणे', 'चेतविणे', 'रोखणे' ही साधी क्रियापदे अधिक प्रामाणिक आहेत. 'मज्जातंतू'विषयीही तीच तक्रार : मज्जा हाडांतील, आणि एकाच आरोग्यविषयक लेखात 'अस्थिमज्जा' व 'मज्जातंतू' शेजारी आले की विद्यार्थी गोंधळतो. मराठी विश्वकोशाने 'तंत्रिका' पत्करले, पाठ्यपुस्तकांत 'चेता' आढळते. एका वस्तूला तीन नावे आहेत आणि कोणी मागे हटावयास तयार नाही.

सर्वांत मोठी हानी मात्र क्रियापदाच्या अर्थछटेत होते. उंदराच्या मस्तिष्कस्तंभातील त्या पेशींवर ग्लुटामेट सोडले असता रक्तदाब वाढतो. हे प्रयोगसिद्ध असल्यामुळे येथे 'वाढतो' हेच रूप योग्य. काही रुग्णांत, विशेषतः तरुण व स्थूल व्यक्तींत, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या चेतातंतूंची क्रिया वाढलेली मोजता आली आहे. तेथे मेंदूतील रसायनांचा हातभार 'असावा'. आनुवंशिकता, मीठ आणि मूत्रपिंड यांच्या तुलनेत तो हातभार किती, हे ठरलेले नाही. तेथे फार तर 'असू शकेल'. अनुमान आणि शक्यता यांतील भेद दाखविणारी ही रूपे इंग्रजीतील एका 'मे' या शब्दाहून कितीतरी काटेकोर आहेत. लोकप्रिय लेखांत मात्र तिन्ही ठिकाणी 'वाढतो' हेच रूप छापले जाते.