सुकुमार राय यांची चित्रे आणि अनुवादाचा प्रश्न

सुकुमार राय (१८८७–१९२३) यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. त्यांची घडण विज्ञानाची आणि मुद्रणाची. वडील उपेंद्रकिशोर यांचा चित्रांचे ठसे तयार करण्याचा व्यवसाय होता. १९११ साली शिष्यवृत्ती मिळवून सुकुमार इंग्लंडला गेले आणि लंडन व मँचेस्टर येथे मुद्रणतंत्र शिकले. शब्द व चित्र यांना एकाच छापील पानाचे घटक मानणारी त्यांची दृष्टी या घडणीशी जोडता येते.

‘आबोल ताबोल’ (१९२३) मधील ‘खिचुडि’ या कवितेत ‘बक’ आणि ‘कच्छप’ मिळून ‘बकच्छप’ होतो, ‘हाँस’ आणि ‘सजारु’ मिळून ‘हाँसजारु’. दोन नावांतील समान अक्षर हा शब्दाचा सांधा. चित्रातही दोन देह असेच सांधले जातात. ‘बकच्छप’ मराठीत जसाच्या तसा येतो. ‘हाँसजारु’साठी ‘हंसाळिंदर’ सुचेल. परंतु चित्रातील पक्षी बदक आहे, आणि ‘बदक’ व ‘साळिंदर’ यांना जोडणारे अक्षर नाही. चित्र गाळले तर अनुवाद सुकर होतो, पण कविता अर्धीच उरते. तौलनिक अभ्यासाने म्हणूनच येथे संहितेत चित्राचाही समावेश करणे अगत्याचे आहे.