रायगड: पडण्याआधीचे सात महिने

महाड तालुक्यात, तुडीलपासून पाचाडपर्यंत, रायगड कसा पडला असे विचारले की बहुधा एकच नाव पुढे येते: सूर्याजी पिसाळ. आपल्या ऐतिहासिक कथनानेही फितुरीची हीच कथा घट्ट केली. ती खरी मानली, तरी ती वेढ्याच्या शेवटाची कथा आहे. त्याआधी सात महिने गड कसा टिकला, हा प्रश्न ती विचारतच नाही.

1689 च्या मार्चअखेरीस इतिकादखानाने वेढा घातला. संभाजी महाराजांच्या वधाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. रायगड हा तेव्हा नुसता किल्ला नव्हता. वाडे, बाजारपेठ, कोठारे आणि कुटुंबकबिले असलेली ती राजधानी होती. मोगली फौजेपुढे शिबंदी थोडी. पण भोवती तुटलेले कडे आणि वर येण्याची मुख्य वाट महादरवाजाची. तिथे संख्येचे बळ पायथ्याशीच अडते. पावसाळ्यात गंगासागर आणि कुशावर्त भरत, तर खालच्या छावणीत चिखल होत असणार.

तरीही वेढा केवळ कड्यांच्या जोरावर झेलला गेला नाही. 5 एप्रिलला राजाराम महाराज गडाबाहेर पडले. येसूबाई मात्र सात वर्षांचेही नसलेल्या शाहूंना घेऊन मागे राहिल्या. या निर्णयाने गड लढवण्याचा अर्थच बदलला. आता जिंकायचे नव्हते, शत्रूला गुंतवून ठेवायचे होते. छत्रपती आत असते तर गडाबरोबर राज्यही गेले असते. राजाराम महाराज प्रतापगडमार्गे पन्हाळ्यास पोहोचले आणि सप्टेंबरअखेर तिथून दक्षिणेकडे निघाले. नोव्हेंबरात रायगड पडला, तेव्हा ते जिंजीच्या मुलखात होते. तोच इतिकादखान, झुल्फिकारखान हा किताब मिळवून, पुढे जिंजीला वेढा घालून बसला. जिंजी हाती यायला 1698 उजाडले.

1942 मध्ये स्टालिनग्राडच्या सैनिकांनी व्होल्गाकाठची चिंचोळी पट्टी धरून ठेवली, तीही बाहेर प्रतिहल्ल्याची तयारी पुरी होईपर्यंत. तिथे शहर वाचले, रायगड गेला. पण दोन्हीकडे थोड्यांनी कमावला तो वेळच.

रायगडावर त्याची किंमत मोजली मागे राहिलेल्यांनी. शाहू 1707 मध्ये सुटले, येसूबाई 1719 मध्ये परतल्या. फितुराचे नाव घेतले की पराभवाचा हिशेब मिटतो, पण या तीस वर्षांचा मिटत नाही. रायगडावरची पुढची कादंबरी दरवाजा उघडला त्या दिवसापासून नव्हे, 5 एप्रिलपासून सुरू व्हायला हवी.