थर पुष्कळ, ॲटलास मात्र नाही

अंबरनाथजवळ काकोळ्याच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वाहते, उल्हासनगरची दाट वस्ती ओलांडते आणि कल्याणला उल्हास नदीला मिळते. ऑनलाइन नकाशावर ही छोटी नदी सलग पाहणे कठीण. झूम कमी केला की ती दिसेनाशी होते, वाढवला की दुकाने आणि क्लासेसची नावे तिच्यावर चढतात.

दोष माहितीच्या टंचाईचा नाही. इस्रोच्या ‘भुवन’वर २००९पासून थरांवर थर साठत आले आहेत. कोणत्या प्रमाणाला काय ठेवायचे, काय गाळायचे, हे ठरवणारा नकाशाकार मात्र तिथे जाणवत नाही, आणि ॲटलास घडतो तो त्याच्याच निवडीतून. स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय ॲटलास २००० साली संगणकावर आला तो झुरिकच्या ईटीएच संस्थेतील नकाशाकारांच्या हातून. आपल्याकडे शि. प्र. चटर्जींच्या नेतृत्वाखाली १९५७ साली राष्ट्रीय ॲटलास हिंदीत निघाला होता. ती दृष्टी पडद्यावर उतरलीच नाही.

राज्याचा ‘महाभूनकाशा’ त्या मानाने स्वच्छ आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडा, गट नंबर टाका, जमिनीचा तुकडा समोर. पण हा साचा शेतजमिनीचा. उल्हासनगर वसले लष्करी छावणीच्या बराकींत, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचे. तिथला माणूस आजही पत्ता सांगतो तो कॅम्प, सेक्शन आणि बराक नंबरात. ही रचना ज्या नकाशात शोधता येत नाही, तो त्या शहराच्या कामाचा नाही, असे मी स्पष्टच म्हणेन.

२०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाखांवर होती, क्षेत्र जेमतेम १३ चौरस किलोमीटर. अख्ख्या ठाणे जिल्ह्याला एकच रंग देणाऱ्या क्षेत्रघनी नकाशात ही दाटी पार विरघळते. शाळेच्या भूगोलात शिकवलेली टिंब पद्धत इथे किती बोलकी ठरेल!

सर्वांत जास्त खटकतात ते पुराचे नकाशे. जुलै २०१९मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. रोजच्या वापरातल्या नकाशावर तिथे नदीची एक बारीक निळी रेघ आणि रुळांची करडी रेघ दिसते. जमिनीचा उंचसखलपणा नाही, पाणी कुठवर पसरते त्याची खूण नाही. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतल्या पुराची लाल रेषा जलसंपदा खाते आखते. घर घेणाऱ्याला आपली इमारत या रेषांच्या आत की बाहेर, हे मोबाइलवर एका बोटाने कळले पाहिजे. त्यासाठी रेषेमागे फिकट समोच्च रेषा आणि मराठीत वाचता येणारी सूची हवी.

फेब्रुवारी २०२१पासून भारतीयांना नकाशे काढायला आणि प्रसिद्ध करायला पूर्वपरवानगी लागत नाही. कॉलेजांचे भूगोल विभाग हे काम अंगावर घेऊ शकतात. उल्हासनगर महापालिकेने आणि अंबरनाथ, बदलापूरच्या नगरपालिकांनी नाले, हद्दी आणि पूररेषा स्कॅन केलेल्या पीडीएफऐवजी एकाच नमुन्यात, सर्वांना उतरवून घेता येतील अशा खुल्या कराव्यात.