एकाच घराची दोन पुस्तकं

मिशनरी म्हटलं की डोळ्यांपुढे एक पुरुष येतो. काळा कोट, हातात बायबल, समोर जमलेली गावातली माणसं. पण तो तिकडे बोलत असताना त्याच्या घरी काय चाललेलं असतं? पाणी कोण उकळतं, तापलेल्या मुलाच्या उशाशी कोण बसतं, महिनाअखेर पगारातलं किती उरतं? हे प्रश्न माझ्या डोक्यात कधीच आले नव्हते. पर्ल बकची ‘द गुड अर्थ’ ही कादंबरी संपवल्यावर तिचंच आणखी काही वाचावं म्हणून मी दोन चरित्रं उघडली आणि थेट एका मिशनरी घराच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचलो.

‘द एक्झाइल’ हे पर्लच्या आईचं चरित्र. ‘फायटिंग एंजल’ वडिलांचं. दोन्ही 1936 साली आली. 1938 साली पर्लला नोबेल मिळालं तेव्हा निवड समितीने चिनी शेतकऱ्यांच्या चित्रणाबरोबर या चरित्रांचाही गौरव केला होता. ही गोष्ट आता कुणाच्या फारशी लक्षात नाही.

आईवडील दोघेही अमेरिकेतल्या व्हर्जिनिया भागातले, प्रेस्बिटेरियन पंथाचे. 1880 साली लग्न झालं आणि लगेच जहाजाने चीन गाठलं. वडील अॅबसलम सिडनस्ट्रिकर, आई केरी. पुस्तकांमध्ये वडिलांचं नाव अँड्र्यू असं बदललेलं आहे, तेच मीही वापरतो. सात मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. 1892 साली हे कुटुंब रजेवर अमेरिकेत असताना पर्लचा जन्म झाला, आणि काही महिन्यांतच तिला चीनला नेलं. तिचं बालपण मुख्यतः यांगत्से नदीकाठच्या चिंक्यांग शहरात (आजचं झेन्ज्यांग) गेलं.

केरी मिशनरी कशी झाली हे आधी सांगायला हवं. तरुणपणी, आई मरणपंथाला लागलेली असताना, तिने देवाशी एक सौदा केला: तू आहेस याची मला एक खूण दे, मी माझं आयुष्य तुला देते. आयुष्य तिने दिलं. खुणेची वाट ती शेवटपर्यंत पाहत राहिली. नवऱ्याला अशी कसलीच अडचण नव्हती. देव त्याला खिशातल्या घड्याळाइतका खात्रीचा होता. दोघं एकाच जहाजाने गेली, एकाच घरात राहिली, पण एक कामावर गेला होता आणि दुसरी त्याच्या मागून गेली होती. ऑनसाइटला गेलेल्या मित्रांच्या बायका एच-फोर व्हिसावर तिकडे दिवस कसे काढतात, हे मी फोनवरून थोडंफार ऐकलेलं आहे. केरीच्या वाट्याला तर फोनही नव्हता, आणि परतीचं तिकीट वर्षानुवर्षं मिळत नसे.

मग तिने काय केलं? जिथे जिथे बिऱ्हाड हललं तिथे तिथे भिंतींना पांढरा रंग दिला, खिडक्यांना पडदे लावले, अंगणात अमेरिकेतली फुलं लावली. ऑर्गन तर जाईल तिथे बरोबर. मुलांना ती माहेरच्या गोष्टी सांगायची, त्यामुळे न पाहिलेला देश त्यांना आपला वाटायचा. उन्हाळ्याच्या साथींनी मुलं गेली, म्हणून तिने लूशानच्या डोंगरावर दगडी घराचा हट्ट धरला. अँड्र्यू यातल्या बहुतेक वेळी फिरतीवर. गाढवावरून, होडीतून, पायी, आठवडेच्या आठवडे.

‘द एक्झाइल’मधला सगळ्यांच्या लक्षात राहणारा प्रसंग एका दुष्काळी ऑगस्टमधला आहे. पाऊस नाही, पिकं करपली, आणि गावात कुजबूज की परदेशी लोक आल्यामुळे देव कोपले. रात्री घरावर चालून जायचं ठरतं. ते वांग आमाच्या, म्हणजे मुलांच्या दाईच्या, कानावर येतं. नवरा घरी नाही. केरी मुलांना उठवते, चांगले कपडे घालते, दारं सताड उघडते, टेबलावर चहा आणि केक मांडते आणि शिवण घेऊन बसते. लाठ्याकाठ्या घेतलेले लोक आत येतात. ती त्यांना यजमाणीसारखं या म्हणते, चहा ओतते. मुलं खेळत असतात. जमाव गोंधळतो, थोडा वेळ थांबतो आणि निघून जातो. त्याच रात्री पाऊस येतो.

पहिल्यांदा वाचताना माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तो पाऊस खुपला. ही गोष्ट त्या घरात कितीदा सांगितली गेली असेल! सांगून सांगून तिचे कोपरे गुळगुळीत झाले आहेत. घटना खोटी आहे असा माझा आरोप नाही. पण लेक ज्या क्षणी आईची चरित्रकार व्हायला हवी होती, त्याच क्षणी ती आरती ओवाळायला उभी राहिली आहे. 1921 साली आई गेल्यानंतर थोड्याच काळात पर्लने हे लिहिलं आणि बाजूला ठेवून दिलं. ते ताजं दुःख पानापानावर दिसतं. केरी सुंदर, केरी धीराची, केरी हसरी. तिची चूक झालेली एक गोष्ट शोधायला मला बरीच पानं उलटावी लागली. शिवाय तिच्यावर झालेल्या अन्यायाची फिर्याद लेखिका मध्येच थांबून स्वतः मांडते. बायकांनी चर्चमध्ये गप्प बसावं, या शिकवणीबद्दल संत पॉलवर तिने काढलेला राग वाचताना बरं वाटतं, हे कबूल. पण तो राग पर्लचा आहे. केरीला नेमकं काय वाटत होतं ते त्याच्याखाली दबतं.

‘फायटिंग एंजल’ची तऱ्हा वेगळी. वडील 1931 साली वारले. त्याच वर्षी ‘द गुड अर्थ’ आली होती आणि वडिलांनी ती वाचली नव्हती. पर्ल स्वतःही तोवर एका मिशनरीची बायको म्हणून संसार केलेली बाई होती. 1932 साली न्यूयॉर्कमध्ये तिने परदेशी मिशनांच्या कामावर जाहीर टीका केली, वाद पेटला आणि 1933 साली तिने मिशन सोडलं. म्हणजे हे पुस्तक हिशेब चुकते करायला लिहिलं गेलं असतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं.

हिशेब त्यात आहेतच, अगदी रुपयेआण्यांचे असावेत तसे. अँड्र्यूने नव्या कराराचं मूळ ग्रीकवरून बोलीतल्या चिनी भाषेत भाषांतर करायला घेतलं, आणि छपाईचा खर्च घरच्या पगारातून. एक आवृत्ती निघाली की तो सुधारणा करून पुढची काढायचा. घरातल्या प्रत्येक लहान इच्छेला, खेळण्याला, पुस्तकाला, नव्या कपड्याला, त्या पुढच्या आवृत्तीच्या मागे रांगेत उभं राहावं लागे. आपण कुणाचं काही घेतोय हे त्या माणसाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पर्ल इथे फिर्याद मांडत नाही. ती फक्त सांगत जाते, आणि बऱ्याचदा हसते. त्याच मुलखात काम करणाऱ्या एका बाप्टिस्ट मिशनऱ्याशी वडिलांची चाललेली चढाओढ पाहा. अँड्र्यू डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा द्यायचा. बाप्टिस्टाच्या मते पूर्ण बुडवल्याशिवाय बाप्तिस्मा कसला? त्यामुळे याने शिंपडलेली माणसं तो पळवून बुडवायचा. दोन परदेशी माणसं चिनी शेतकऱ्यांच्या आत्म्यांवरून अशी भांडताहेत, आणि शेतकरी दोघांचंही शांतपणे ऐकून घेताहेत!

या हसण्यामुळे पर्लला वडिलांची दुसरी बाजूही दिसते. आयुष्यातली सगळी माया गोठवून बसलेला हा माणूस चिनी कपडे घालून खेड्यापाड्यांत राहत होता आणि चिनी पाद्र्यांना चांगलं शिक्षण मिळावं म्हणून सहकाऱ्यांशी भांडत होता. उलट केरीची ती पांढऱ्या भिंतींची, गुलाबांची बाग. पहिल्या पुस्तकात ती आसरा म्हणून येते. दुसरं वाचून मागे वळल्यावर ती एक कुंपणही होती हे कळतं. आईने प्रेमापोटी चीनला दाराबाहेर ठेवलं आणि बापाने बिनप्रेमाने त्यात आयुष्य घातलं, हे वाचताना मला बराच वेळ अस्वस्थ वाटत राहिलं. रागातून निघालेलं पुस्तक मायेतून निघालेल्या पुस्तकापेक्षा जास्त न्यायी ठरलं, असं माझं मत आहे.

दोन्ही पुस्तकांत एक जागा मात्र अर्धवट राहते. ती वांग आमाची. ताइपिंग बंडात घरदार गमावलेली, बांधलेल्या पायांनी चालणारी ही बाई. मुलांना तिने वाढवलं, त्या रात्रीची खबर तिने आणली. हद्दपार कुणाला म्हणायचं, हा प्रश्न तिच्या बाजूने विचारला असता तर ‘द एक्झाइल’ हे नाव दुसऱ्याच कुणावर बेतलं असतं. पर्ल तिच्याबद्दल जिव्हाळ्याने लिहिते, पण तिला घराच्या उंबऱ्यावरच ठेवते.

मराठी वाचकाला इथे लक्ष्मीबाई टिळक आठवल्याशिवाय राहणार नाहीत. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली आला, म्हणजे या चरित्रांच्या दोनच वर्षं आधी. तिथेही एक नवरा देवाच्या मागे लागलेला, 1895 साली बाप्तिस्मा घेऊन मोकळा झालेला, हातात पैसा न टिकणारा. पुढे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात त्यांचा संसार उभा राहतो, म्हणजे केरीसारखी घरं लक्ष्मीबाईंनी शेजारी पाहिलेली होती. पण नवऱ्याच्या लहरींचा, स्वतःच्या सोवळ्याओवळ्याचा आणि फजितीचा हिशेब लक्ष्मीबाई स्वतः सांगतात. त्यांना कुणा लेकीने देव्हाऱ्यात बसवलेलं नाही, म्हणून त्या चुकतात, चिडतात, हसवतात. केरीने स्वतः लिहिलं असतं तर तीही अशीच निघाली असती, अशी शंका मला ‘द एक्झाइल’च्या शेवटी येते.

म्हणून ही पुस्तकं वाचायची असतील तर उलट्या क्रमाने वाचा. आधी वडील, मग आई. तिच्या शेवटच्या दिवसांपर्यंत पोचाल तेव्हा लेकीची आरती ऐकू येईनाशी होते. केरी अंथरुणाला खिळलेली आहे. नवऱ्याची प्रार्थना तिला नकोय. ती नर्सला विचारते, तो नवा नाच, फॉक्सट्रॉट म्हणतात तो, तुला येतो का? नर्स बिचकते, मग तिथेच पलंगाजवळ नाचून दाखवते. केरी पडल्या पडल्या बघत राहते, आणि म्हणते, देवाबद्दल अँड्र्यूचं सगळंच चुकलेलं असलं तरी मला नवल वाटणार नाही.